पकड घट्ट असूनही पेशी संथ का चालतात?

प्रश्न असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी (ऊतींना आधार देणारं जाळं रचणाऱ्या पेशी) वाढवल्या. काही वेलना (प्लेटमधल्या खळग्यांना) फायब्रोनेक्टिनचं, म्हणजे पेशी ज्याला धरतात त्या प्रथिनाचं, हलकं कोटिंग दिलं, काहींना बरंच दाट. पेशींचा थर पूर्ण भरल्यावर पिपेटच्या टिपने ओरखडा काढला आणि तो किती वेळात भरून येतो ते पाहिलं. पकडायला जागा जास्त, म्हणजे पेशी लवकर पुढे सरकतील अशी तिची अपेक्षा होती. झालं उलटं. दाट कोटिंगवर ओरखडा उशिरा भरला. त्या पेशी सांगाड्याचे तंतू दाखवणाऱ्या फॅलॉइडिनने आणि पकडीच्या जागी असणाऱ्या विन्क्युलिन या प्रथिनाच्या अँटिबॉडीने रंगवल्या, तेव्हा जाडजूड स्ट्रेस फायबर (ताणलेल्या तंतूंचे जुडगे) आणि त्यांच्या टोकांशी पेशी जमिनीला धरते ते लांबट, ठळक सांधे, म्हणजे फोकल अ‍ॅडहेजन दिसले. "सांगाडा मजबूत, पकड मजबूत, मग वेग कमी कसा? आणि मुळात या तंतूंमुळे पेशी पुढे जाते तरी कशी?"

तुमच्या चित्रातलं काहीही मला खटकलं नाही. खटकलं ते त्यामागचं गृहीत: पकड म्हणजे जणू एकच आकडा आणि तो वाढवला की वेग वाढणार. पेशी ५० मायक्रोमीटर लांब आहे असं धरा. तिने आत्ता पुढच्या कडेला पृष्ठभागाशी जो सांधा बांधला तो फारसा जागचा हलत नाही, पेशीच त्याच्यावरून पुढे सरकते. स्वतःच्या लांबीइतकं अंतर कापल्यावर तोच सांधा तिच्या शेपटीखाली येतो, आणि तो सुटल्याशिवाय पेशीला पुढे जाता येत नाही. म्हणजे प्रत्येक पकड एकदा बांधावी लागते आणि एकदा सोडावी लागते. या दोनांपैकी जे काम रखडेल त्यावर वेग ठरतो. तुमच्या दाट कोटिंगवर बांधणं सोपं झालं आणि सोडणं रखडलं, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणते, कारण काही गोष्टी तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत. मीडियममध्ये सीरम किती होतं, पेशी कितव्या पॅसेजच्या (कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवलेल्या) होत्या, ओरखड्यातलं कोटिंग शाबूत होतं का, या प्रत्येकाने निकाल फिरू शकतो. फायब्रोब्लास्टसाठी जे खरं ते त्वचेच्या एपिथेलियल पेशींसाठी तसंच्या तसं लागू होत नाही, कारण त्या एकमेकींना घट्ट धरून सबंध चादरीसारख्या सरकतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं गणित तर आणखी वेगळं. त्यामुळे आधी यंत्रणा सांगते आणि मग तुमच्या प्रयोगाकडे येते.

पुढे ढकलण्याचं काम पेशीच्या सांगाड्यातलं, तंतू बनवणारं प्रथिन अ‍ॅक्टिन करतं. अ‍ॅक्टिनचा तंतू साधारण ७ नॅनोमीटर जाडीचा असतो आणि त्याची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकाला नवे रेणू भराभर जोडले जातात, दुसऱ्या बाजूने जुने गळतात. पेशीच्या पुढच्या कडेला रॅक नावाचा रेणू-स्विच चालू झाला की वेव्ह प्रथिनांमार्फत आर्प २/३ हे संकुल जागं होतं. ते जुन्या तंतूच्या अंगावर सुमारे ७० अंशांत नवी फांदी फोडतं. अशा हजारो फांद्यांची दाट जाळी तयार होते आणि त्यांची वाढती टोकं पेशीपटलाकडे तोंड करून असतात. पेशीपटल उष्णतेने सतत थरथरत असतं. क्षणभर फट पडली की तिथे अ‍ॅक्टिनचा एक रेणू बसतो, तंतू २.७ नॅनोमीटरने लांबतो आणि पटलाला मागे यायला जागा उरत नाही. एका तंतूचा जोर जेमतेम काही पिकोन्यूटनचा, पण कडेच्या प्रत्येक मायक्रोमीटरमागे असे शेकडो तंतू एकाच वेळी रेटत असतात. यातून जो पातळ पंखा पुढे पसरतो तो लॅमेलिपोडियम. त्याची जाडी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर, म्हणून साध्या फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपमध्ये तो फिकट दिसतो आणि नवशिक्यांच्या नजरेतून निसटतो.

ढकलण्यासाठी मायोसिन, म्हणजे तंतूंना खेचणारं प्रथिन, लागतच नाही, हे पुष्कळांना पटत नाही. १९९९ मध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने शुद्ध प्रथिनांच्या मोजक्या मिश्रणात, पेशीतल्या याच तंतूंच्या रेट्यावर सरकणारा लिस्टेरिया जिवाणू चालवून दाखवला. त्यात अ‍ॅक्टिन, आर्प २/३, तंतूंची टोकं झाकणारं कॅपिंग प्रथिन आणि जुने तंतू मोडणारं कोफिलिन एवढं पुरेसं होतं. मायोसिन नव्हतं. तंतूंची रचना आणि मोडतोड एवढ्यावर हालचाल उभी राहते. मोडतोड इथे रचनेइतकीच महत्त्वाची, कारण पुढच्या कडेला लागणारे सुटे रेणू मागच्या जुन्या जाळीतूनच परत मिळवावे लागतात.

पण नुसतं ढकलून भागत नाही. तंतू पटलाला रेटतात तेव्हा पटलही तंतूंना तेवढंच मागे रेटतं. जाळी जमिनीशी बांधलेली नसेल तर पटल जागेवर राहतं आणि जाळीच पेशीच्या मध्याकडे घसरत जाते. हा मागे वाहणारा अ‍ॅक्टिनचा ओघ संथ पेशींत मायक्रोस्कोपखाली खरोखर दिसतो. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८८ मध्ये यावर एक कल्पना मांडली, तिला क्लच म्हणतात. बाईकचं इंजिन चालू असतं, आवाज येत असतो, पण क्लच दाबून धरला तर चाक फिरत नाही, तसंच हे. अ‍ॅक्टिनची वाढ हे इंजिन आणि जाळीला जमिनीशी जोडणारे सांधे हा क्लच. क्लच लागला की ओघ मंदावतो आणि तीच वाढ पेशीची कड पुढे नेते.

याचा सुंदर पुरावा माशांच्या खवल्यांवरच्या केराटोसाइट पेशींतून मिळाला. ज्युली थेरियट आणि मिचिसन यांनी १९९१ मध्ये या पेशींच्या लॅमेलिपोडियममधल्या अ‍ॅक्टिनवर प्रकाशाने खूण केली. पेशी झपाट्याने पुढे जात होती आणि खूण जमिनीच्या मानाने जवळपास जागेवरच राहिली. क्लच पूर्ण लागलेला. केराटोसाइट मिनिटाला १० मायक्रोमीटर आणि त्याहूनही जास्त धावतात. तुमच्या फायब्रोब्लास्ट तेवढं अंतर कापायला बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटं घेतात. आता गंमत बघा, केराटोसाइटमध्ये तुमच्या चित्रातल्यासारखे भलेमोठे फोकल अ‍ॅडहेजन नसतात. त्यांचे सांधे लहान आणि अल्पायुषी असतात. मोठ्या सांध्यांचा आणि वेगाचा संबंध सरळ नाही, याची ही पहिली खूण.

आता सांध्याच्या आत डोकावू. पटलातून आरपार गेलेलं इंटिग्रिन बाहेर फायब्रोनेक्टिनला धरतं. माणसात इंटिग्रिनच्या २४ जोड्या आहेत, आणि कोणती पेशी त्यांतल्या कोणत्या वापरते यावर तिला कोणतं कोटिंग मानवतं ते ठरतं. इंटिग्रिन अ‍ॅक्टिनला थेट धरत नाही. मधल्या सुमारे ४० नॅनोमीटरच्या थरात टॅलिन, विन्क्युलिन, पॅक्सिलिन, फोकल अ‍ॅडहेजन कायनेज अशी बरीच प्रथिनं असतात. यातलं टॅलिन मला सगळ्यात रोचक वाटतं. ते ताणलं गेलं की त्याच्या घड्या उलगडतात आणि आत दडलेल्या जागा उघड्या पडतात. त्या जागांवर विन्क्युलिन येऊन बसतं आणि अ‍ॅक्टिनशी जास्तीचे दुवे जोडतं. मायकेल शीट्झ यांच्या गटाने २००९ मध्ये हे एकेका रेणूला ताणून दाखवलं. म्हणजे ओढ बसली की सांधा अधिक पक्का होतो.

पुढच्या कडेखाली सतत बारीक ठिपक्यांसारखे नवे सांधे उगवत असतात. बहुतेक मिनिटभरात विरून जातात. त्यांच्या जन्मालाही मायोसिनची गरज नसते. पण काही ठिपक्यांना मायोसिन-२ ची ओढ मिळते, ते लांबतात, त्यांच्यामागे अ‍ॅक्टिनचे जुडगे तयार होतात आणि ठिपक्याचा फोकल अ‍ॅडहेजन होतो. तुम्ही जे ठळक विन्क्युलिन आणि जाड स्ट्रेस फायबर पाहिले ती एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. दाट फायब्रोनेक्टिनवर जास्त इंटिग्रिन गुंततात, पेशीला कडक जमिनीचा विरोध जाणवतो, रो या दुसऱ्या स्विचमार्फत मायोसिनची ओढ वाढते, ओढीने सांधे मोठे होतात आणि मोठे सांधे पुन्हा ओढ झेलतात. रो ने स्ट्रेस फायबर आणि रॅकने लॅमेलिपोडियम तयार होतो, हे अ‍ॅलन हॉल आणि अ‍ॅन रिडली यांच्या १९९२ च्या कामातून पुढे आलं. हे दोन स्विच बऱ्याच ठिकाणी एकमेकांना दाबतात. तुमच्या पेशी रो च्या बाजूला झुकल्या आहेत.

मग एवढी ओढ पेशी कशासाठी लावते? अल्बर्ट हॅरिस यांनी १९८० मध्ये सिलिकॉन रबराच्या अतिपातळ पापुद्र्यावर पेशी सोडल्या आणि पेशींच्या ओढीने त्याला सुरकुत्या पडलेल्या दाखवल्या. फायब्रोब्लास्टची ओढ चालण्यासाठी लागणाऱ्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त निघाली. हॅरिस यांचं म्हणणं असं की ही ताकद मुख्यतः भोवतालचं कोलॅजन ओढून-ताणून रचण्यासाठी आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. जखम भरताना कडा जवळ आणणं, ऊतीला ताण देणं ही फायब्रोब्लास्टची खरी नोकरी. पुढे २००१ मध्ये माशाच्या परातल्या फायब्रोब्लास्टवर झालेल्या कामात दिसलं की पुढच्या कडेखालचे लहान, नवे सांधेच पेशीला पुढे नेणारा मोठा जोर लावतात आणि सांधा मोठा होत जातो तसा तो जोर घटतो. म्हणून विन्क्युलिनचा मोठा ठिपका पाहून त्याला "चांगली चाल" समजू नका. तो बराच वेळ टिकलेल्या ओढीचा पुरावा आहे, एवढंच.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर अ‍ॅक्टिनची वाढ ढकलते, लहान सांधे त्या ढकलण्याला आधार देतात, मायोसिनची ओढ काही सांध्यांना मोठं करते आणि मोठे सांधे पेशीला जागेवर खिळवतात. उरलं ते सोडणं.

शेपटीकडची बाजू विद्यार्थी क्वचितच पाहतात. मी फिल्म बघताना सुरुवातच तिथून करते, कारण संथ पेशींत घोळ बहुतेक वेळा तिथे असतो. सांधा सुटण्याचे मार्ग अनेक. शेपटीतलं मायोसिन जोर लावून सांधे उखडतं. कॅल्पेन नावाचं विकर टॅलिनला कापतं. मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीसांगाड्यातल्या २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या, सांध्यांपर्यंत वारंवार पोचतात आणि त्यांना विरघळायला लावतात. साल्झबर्गमध्ये व्हिक्टर स्मॉल यांच्याकडे इरिना काव्हेरिना यांनी १९९९ च्या सुमारास हे जिवंत पेशींत टिपलं. नोकोडाझोल या औषधाने या नळ्या मोडल्या की सांधे फुगतात, स्ट्रेस फायबर जाड होतात आणि फायब्रोब्लास्टची पुढची-मागची बाजूच हरवते. आणि काहीच सुटलं नाही, तर पेशी चक्क स्वतःचा तुकडा मागे टाकते. पटलाच्या चिंध्या आणि इंटिग्रिन जमिनीला चिकटलेले राहतात आणि पेशी पुढे निघून जाते. दाट कोटिंगवर अशा रेघा जास्त दिसतात.

फोकल अ‍ॅडहेजन कायनेजचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पेशींचं वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. सांधे बांधणारं प्रथिन गेलं म्हणून सांधे कमी होतील असं वाटावं, पण त्या पेशींत सांधे वाढले आणि पेशी मंदावल्या. ते प्रथिन सांधे उलटवण्यासाठीही लागत होतं.

तुमच्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर १९९७ मध्ये शॉन पॅलेसेक, डग्लस लॉफेनबर्गर आणि रिक हॉर्विट्झ यांच्या गटाने दिलं. त्यांनी पेशींवरच्या इंटिग्रिनची संख्या बदलली, त्याच्या पकडीची घट्टता बदलली आणि फायब्रोनेक्टिनचं प्रमाणही बदलत नेलं. प्रत्येक वेळी वेगाचा आलेख घंटेसारखा आला. फार कमी कोटिंगवर पेशी घसरते, फार जास्तवर खिळते, मधल्या प्रमाणावर सर्वांत वेगाने चालते. महत्त्वाचं म्हणजे इंटिग्रिन वाढवल्यावर शिखराची उंची तीच राहिली, शिखर फक्त कमी फायब्रोनेक्टिनकडे सरकलं. त्यामुळे "दाट" आणि "हलकं" हे शब्द पेशीच्या संदर्भाशिवाय निरर्थक आहेत. शेजारच्या लॅबमधल्या पेशींना जे कोटिंग मानवलं ते तुमच्या पेशींना शिखराच्या पलीकडे नेऊ शकतं.

पांढऱ्या पेशींबद्दल थोडंच सांगते, कारण तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात. ऊतीच्या त्रिमितीय जाळीत डेंड्रिटिक पेशी इंटिग्रिनशिवायही चालतात, हे २००८ मध्ये उंदरांत दिसलं. त्या पुढे वाहतात आणि मागून आकुंचन पावत फटींतून निघतात. मात्र रक्तवाहिनीच्या आतून बाहेर पडायचं तर वाहत्या रक्तात आधी भिंतीला धरून थांबावं लागतं आणि तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीला इंटिग्रिन लागतंच. बीटा-२ इंटिग्रिन नसलेल्या बाळांमध्ये ल्यूकोसाइट अ‍ॅडहेजन डेफिशियन्सी हा आजार होतो. नाळ उशिरा गळते, रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात आणि जखमेत मात्र पू होत नाही. आपल्याकडे परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था अशा रुग्णांचं निदान करते.

आता तुमच्या प्रयोगाकडे. सगळ्यात आधी टिप बाजूला ठेवा. टिपने ओरखडा काढताना पेशींबरोबर कोटिंगही खरवडलं जातं, त्यामुळे ज्या पट्ट्यात पेशी चालल्या तिथे नेमकं किती फायब्रोनेक्टिन होतं हे कुणालाच माहीत नसतं. सिलिकॉनचा इन्सर्ट (पेशींमध्ये मोकळी फट राखणारा साचा) वापरा: आधी पूर्ण वेलला कोटिंग, मग बीएसए या प्रथिनाने ब्लॉकिंग (उरलेल्या मोकळ्या जागा झाकणं), मग इन्सर्ट. सीरममध्ये स्वतःचं फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन असतं आणि फायब्रोब्लास्ट स्वतःही फायब्रोनेक्टिन बनवतात. काही तासांत तुमचं "हलकं" कोटिंग हलकं राहत नाही. म्हणून सीरम कमीत कमी ठेवा आणि पहिल्या काही तासांचाच हिशेब धरा. चोवीस तास थांबलात तर भरलेल्या जागेत चालून आलेल्या किती आणि विभाजनातून झालेल्या किती हे वेगळं करता येत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे विरळ पेशी टाकून एकेकीचा माग काढणं. फायब्रोब्लास्टसाठी ५ ते १० मिनिटांनी एक फ्रेम पुरते. फार घाईने फ्रेम घेतल्या तर केंद्रकाची जागा ठरवण्यातली बारीक चूकच वेग म्हणून मोजली जाते. केंद्रक दिसावं म्हणून होक्स्ट हा रंग टाकून वारंवार अतिनील प्रकाश मारू नका, पेशी त्यानेच मलूल होतात. वेग आणि दिशा टिकवण्याचं प्रमाण हे दोन आकडे वेगवेगळे द्या. कोटिंगच्या दोनच पातळ्यांऐवजी मिलिलिटरला ०.५ ते ३० मायक्रोग्रॅम अशी पाच-सहा पातळ्यांची चढती मालिका घ्या, म्हणजे घंटेची कोणती बाजू तुमच्या हाती लागली आहे ते कळेल.

सांध्यांसाठी जीएफपी-पॅक्सिलिन (चमकणारी खूण जोडलेलं पॅक्सिलिन) आणि टर्फ मायक्रोस्कोप (फक्त काचेलगतचा पातळ थर दाखवणारा) असेल तर उत्तम. नसेल तर कॉन्फोकलवर रिफ्लेक्शन मोडमध्ये रंगाशिवायही पेशी जमिनीला कुठे टेकली आहे ते दिसतं. सांध्यांचं आकारमान मोजण्यापेक्षा ते किती वेळ टिकतात हे मोजा, आणि पुढचे-मागचे वेगळे मोजा.

माझा अंदाज तपासायचा सोपा मार्गही आहे. दाट कोटिंगवरच्या पेशींना रो चा आदेश मायोसिनपर्यंत नेणारं रॉक कायनेज रोखणारं वाय-२७६३२ हे औषध कमी मात्रेत द्या. पकड सुटत नसल्याने पेशी मंदावल्या असतील, तर ओढ थोडी कमी होताच सांधे लहान होतील आणि वेग वाढेल. मात्रा जास्त झाली तर शेपटी ओढून घेणारं मायोसिनच थांबतं आणि पेशींना लांबच लांब शेपट्या फुटतात, म्हणून दोन-तीन मात्रा करून पाहा. मायोसिनला थेट रोखणारं ब्लेबिस्टॅटिन वापरायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, ते निळ्या प्रकाशात निकामी होतं आणि पेशींना विषारीही ठरतं, जीएफपीच्या फिल्मबरोबर ते चालणार नाही. आणि वाय-२७६३२ ने सांधे लहान होऊनही वेग जागचा हलला नाही, तर माझा अंदाज बाजूला ठेवून दोन्ही कोटिंगवर सुरुवातीला पेशींची घनता सारखी होती का ते मोजा. दाट कोटिंगवर जास्त पेशी टिकतात आणि थर जितका गच्च, तितक्या त्या एकमेकींना अडवतात.